साप स्वस्त, फांदी महाग!

हॉस्टेलवर काय काय पाळलं जातं याची पूर्ण यादी रेक्टर सरांना कधीच मिळणार नाही. खिडकीत बरणीतला फायटर मासा असतो, मेसच्या मागच्या दाराशी सर्वांच्या मालकीचं एक कुत्रं असतं, कुणाच्या तरी कपाटामागे लव्हबर्ड्सची जोडी असते आणि ढेकूण तर न पाळताही असतातच! सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या आम्हा मंडळींचीही हीच तऱ्हा. फक्त आमच्याकडे रेक्टरऐवजी घरमालक असतात आणि नियमावलीऐवजी जिन्यातली पाटी.

या यादीत यंदा एक नवी मागणी आली आहे. साप! तोही साधासुधा नाही. झाडावर राहणारा, हिरवागार, मोबाईलवर दिसतो तसा फांदीवर वेटोळं घालून बसलेला. अट एकच, बजेटमध्ये बसला पाहिजे.

आमच्या वाड्यात शेजारच्या खोलीतल्या तिघांनी माणशी दोन हजार असे सहा हजार रुपये काढले आणि पिंजऱ्याचं काम माझ्याकडे आलं. कारणं दोन. एक तर मी मेकॅनिकलचा आणि दुसरं म्हणजे दर पावसाळ्यात टॉर्च घेऊन ताम्हिणीकडे साप बघायला जाणारा. मी काम घेतलं. स्केच काढलं, मापं घातली, एस्टिमेट केलं. आणि एस्टिमेटखाली माझं मत लिहिलं: पाळू नका. त्यावरून वाड्यात बरीच वादावादी झाली, अजून चालू आहे. ती चार भिंतींत ठेवण्यापेक्षा इथे मांडतो, कारण हाच विचार हॉस्टेलच्याही दोन-तीन खोल्यांत शिजतो आहे असं कानावर आलंय.

आधीच सांगतो, माझा विरोध भीतीतून आलेला नाही. ‘शी, साप!’ म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मला बसवू नका. साप मला आवडतात, म्हणूनच हिशोब नीट व्हावा असं वाटतं.

पहिला प्रश्न, कोणता साप?

इथे दोनच वाटा आहेत. पहिली वाट सह्याद्रीतून जाते. झाडाझुडपांवर राहणारे साप आपल्याकडे मुबलक. हरणटोळ घ्या. बोटाएवढा सडपातळ, पानासारखा हिरवा, नाक टोकदार, डोळ्यातली बाहुली आडवी. उडी मारून टाळू फोडतो अशी बिचाऱ्याची गावोगाव बदनामी. प्रत्यक्षात सौम्य विषाचा, सरडे-बेडूक खाणारा आणि माणूस दिसला की वाऱ्यावर हलणारी डहाळी होऊन बसणारा प्राणी. गंमत म्हणजे आपल्या उत्तर सह्याद्रीतल्या हरणटोळाला स्वतःचं वेगळं शास्त्रीय नाव मिळालं ते २०२० साली. तोवर श्रीलंकेपासून इथपर्यंत सगळे एकाच नावाखाली मोडत होते. दुसरा रुका, तांबूस-तपकिरी पाठीचा आणि कमालीचा चपळ. तिसरा मांजऱ्या, रात्री फिरणारा, मांजरासारख्या उभ्या बाहुलीचा. चौथा उडता सोनसर्प. हा उंच फांदीवरून उडी टाकतो आणि बरगड्या फाकवून अंग चपटं करत तरंगत दुसऱ्या झाडावर उतरतो. आणि पाचवा चापडा. हिरवा, देखणा, बांबूच्या बेटांत राहणारा आणि चांगला विषारी!

या सगळ्यांची किंमत शून्य. पावसाळ्यात घाटात जा, पिशवीत घाला, घेऊन या. आमच्या तिघांपैकी एकाचा हाच प्रस्ताव होता. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपले वन्य साप संरक्षित आहेत. ते पकडणं, घरात ठेवणं, विकणं सगळाच गुन्हा, आणि शिक्षेत तुरुंगवासही आहे. ‘बिनविषारी आहे’, ‘फक्त आठवडाभर ठेवतो’, ‘प्रोजेक्टसाठी आहे’ यातली एकही सबब चालत नाही. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या वर्षात नावावर वन्यजीव गुन्हा, ही कल्पना करून बघा.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी प्रश्न सुटत नाही. पकडून आणलेला हरणटोळ अनेकदा खाणंच नाकारतो. खाल्लंच तर त्याला हवेत सरडे आणि बेडूक, तेही हलणारे. ते रोज कोण पकडणार? म्हणजे एका सापासाठी तुम्ही जंगलातून एक प्राणी उचलणार आणि मग त्याच्या पोटासाठी दर आठवड्याला आणखी काही. फुकटचा साप असा हळूहळू महाग होत जातो. फक्त बिल आपल्या नावावर येत नाही, एवढंच.

दुसरी वाट परदेशातून येते. मोबाईलवरचा तो हिरवा, फांदीवर झूल टाकावी तसा बसलेला साप म्हणजे ग्रीन ट्री पायथन. मूळ मुक्काम न्यू गिनी, जवळची इंडोनेशियातली बेटं आणि ऑस्ट्रेलियाचं उत्तर टोक. पिल्लं पिवळी किंवा लालसर असतात, वाढताना हिरवी होतात. सगळेच अजगर ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीत आहेत आणि भारत १९७६ पासून या करारात आहे. पूर्वी आपल्या कायद्यात परदेशी प्राण्यांबद्दल पळवाट होती. प्राणी सीमेच्या आत आला की कुणी फारसं विचारत नसे. २०२२ च्या दुरुस्तीने ती पळवाट बंद केली. १ एप्रिल २०२३ पासून ही दुरुस्ती लागू झाली आणि साइट्सच्या यादीतल्या जिवंत प्राण्यांसाठी कायद्याला चौथी अनुसूची जोडली गेली. २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्याने ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर नोंदणी करायची. थोडक्यात, कागद असेल तर प्राणी कायदेशीर, नसेल तर नाही.

आमच्या तिघांना फोनवर एक विक्रेता भेटला होता. सहा हजारांत ‘ग्रीन स्नेक, फुल हेल्दी’. मी फक्त दोन गोष्टी विचारायला सांगितल्या. आयातीचे कागद आहेत का, आणि नोंदणी कोणाच्या नावावर आहे? पलीकडून उत्तर आलं, ‘भाई, एवढं कोण बघतं?’ आणि मग फोन उचलणंच बंद!

बघणारे बघतात. २०२५ साली मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात कस्टमला ४७ विषारी साप सापडले. त्यातले ४४ इंडोनेशियातले पिट व्हायपर, म्हणजे झाडावर राहणारेच. सामानात भरून आणलेला साप! त्यातून जो जगतो तो पुढे कुणाच्या तरी खोलीत ‘स्वस्तात’ पोचतो. आणि कागद असला तरी तो खरंच बोलतो असं नाही. ग्रीन पायथनबद्दल २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं, की इंडोनेशियातून ‘फार्मवर जन्मलेले’ म्हणून निर्यात होणाऱ्यांपैकी निदान ८० टक्के साप जंगलातून पकडलेले होते. म्हणजे सर्टिफिकेटवर ‘फार्म’, प्रत्यक्षात रान. जर्नल कॉपी करणाऱ्या आपल्यासारख्यांना ही युक्ती समजायला अवघड जाऊ नये.

आता पिंजरा. इथे मात्र आपण इंजिनिअर आहोत, तेव्हा जरा खोलात जाऊ.

झाडावरच्या सापाचा सगळा प्रश्न उभ्या दिशेचा असतो. साप सरळ वर चढतो तेव्हा रक्त गुरुत्वाकर्षणाने शेपटीकडे साठायला बघतं. मेकॅनिकलवाले याला ‘हेड’ म्हणतील, पंपाला जेवढं उंच पाणी चढवायचं तेवढा दाब लागतो. निसर्गाने पंपच वर सरकवला! झाडावर राहणाऱ्या सापांचं हृदय पाण्यातल्या सापांपेक्षा डोक्याच्या बरंच जवळ असतं. अंग सडपातळ आणि कातडी घट्ट, म्हणजे खाली रक्त साठायला जागाच कमी. शिवाय शेपूट फांदीला धरून ठेवणारी. फांदीचा आधार सोडून अर्धं अंग हवेत आडवं धरणारा हा प्राणी म्हणजे चालता-फिरता कँटिलिव्हर. असा साप चपट्या खोक्यात ठेवणं म्हणजे आपल्याला पलंगाखाली राहायला सांगण्यासारखं आहे.

ग्रीन ट्री पायथनसाठी मी मोठ्या सापाच्या हिशोबाने धरलेलं माप होतं, साधारण ३ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच. हरणटोळासारख्या चपळ सापाला याहून उंच लागेल. आत वेगवेगळ्या जाडीच्या आडव्या फांद्या, त्याही हलणार नाहीत अशा बसवलेल्या. पानांचा आडोसा, नाहीतर साप सतत घाबरलेला राहतो. हवा खेळती हवी आणि दाराला कुलूप हवं. इथपर्यंत बजेट जमतं. जुन्या बाजारातून मोडकं कपाट, बोहरी आळीतून जाळी आणि बिजागऱ्या, तापकीर गल्लीतून थर्मोस्टॅट. सहा हजारांतले पैसे उरलेही असते!

अडचण खोक्याची नाही, आतल्या हवेची आहे. या सापाला एका बाजूला साधारण ३० अंश आणि दुसऱ्या बाजूला त्याहून चार-पाच अंश कमी तापमान लागतं, म्हणजे तो स्वतः जागा बदलून शरीर गरम-थंड करतो. सोबत दमट हवा. आणि आपलं पुणं? एप्रिल-मेच्या दुपारी हवा कोरडीठाक, वाळत घातलेला शर्ट अर्ध्या तासात कडक. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा कधीकधी १० अंशांखाली. म्हणजे वर्षातला मोठा काळ पिंजऱ्यात वेगळा ऋतू चालवायचा. फवारा मारा, पण पाणी साचू देऊ नका. ओल हवी, पण कोंदट नको, नाहीतर सापाला श्वसनाचा आजार होतो. गुरुवारी पाणी बंद असलं की आमच्याकडे तोंड धुवायची पंचाईत, तिथे सापाला दिवसातून दोनदा पाऊस कोण पाडणार?

विजेचा हिशोब करा. ६० वॅटचा हीटर दिवसातून १२ तास चालला तर ०.७२ युनिट. वर्षाला सुमारे २६३ युनिट. नीट सांभाळलेला हा साप पंधरा वर्षं सहज जगतो, म्हणजे जवळजवळ चार हजार युनिट! ज्या घरमालकांनी इस्त्रीवर बंदी घातली आहे त्यांना हे समजावून सांगायला मी जाणार नाही.

खाणं वरवर पाहता स्वस्त. मोठ्या सापाला दोन-तीन आठवड्यांतून एक उंदीर. पण तो गोठवलेला आणून, साठवून, वितळवून द्यावा लागतो. जिवंत उंदीर सापाला चावून जखमा करू शकतो. मेसच्या काकूंच्या फ्रीझरमध्ये वाटाण्याशेजारी उंदीर ठेवायची परवानगी कोण मागणार, हा प्रश्न बैठकीत निघाला तेव्हा तिघेही एकमेकांकडे बघू लागले. आणि साप आजारी पडला तर? कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर गल्लोगल्ली मिळेल. सापावर उपचार करणारा शोधायला सवड लागते, आणि सबमिशनच्या आठवड्यात आपल्याला स्वतःच्या तापाकडे बघायलाही सवड नसते.

आता एस्टिमेटमधली शेवटची ओळ, वर्षं. आपला कोर्स चार वर्षांचा. एखादी केटी, एखादं इयर डाऊन धरून पाच करा. सापाची पंधरा. उरलेली दहा कोण बघणार? एकाची नोकरी बेंगळुरूला, दुसरा एमएससाठी बाहेर, तिसऱ्याच्या घरी आजी. दिवाळीच्या सुट्टीत खोली महिनाभर बंद असते, तेव्हाचं काय? हे विचारल्यावर मला मिळालेलं उत्तर ऐका. ‘नाहीच जमलं तर तळजाईवर सोडून देऊ.’

या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. परका साप इथल्या टेकडीवर बहुधा हाल होऊन मरेल. आणि न मरता टिकला तर त्याहून वाईट. गुआम बेटाची गोष्ट आपल्या इलेक्ट्रिकलवाल्यांनी तरी वाचायला हवी. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सामानातून तिथे झाडावर राहणारा एक तपकिरी साप पोचला. काही दशकांत त्याने बेटावरचे बहुतेक देशी वनपक्षी संपवले. वर विजेच्या खांबांवर चढून त्याने हजारो वेळा वीज घालवली. तिथे साप कुणी मुद्दाम सोडला नव्हता. आपण तर मुद्दाम सोडायचं म्हणतो आहोत.

यावर मित्रांचं एक म्हणणं मला मान्य आहे. सापांवर काम करणारी मोठी माणसं सापांच्या सहवासातच घडली. पुण्याचे नीलिमकुमार खैरे १९८० साली ७२ विषारी सापांसोबत ७२ तास एका बंदिस्त जागेत राहिले. साप उगाच चावत नाहीत हे लोकांना दाखवण्यासाठी! पुढे १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. मद्रासमध्ये रोम्युलस व्हिटेकर यांनी तेच काम केलं. मग आम्ही पाळला तर काय बिघडलं?

बिघडतं ते असं. या लोकांनी सापासाठी आयुष्याची मांडणी बदलली. आपण सापाला आपल्या टाइमटेबलमध्ये कोंबू पाहतोय. साप हाताळायला शिकायचंच असेल तर जाणत्या सर्पमित्रांच्या आणि वनखात्याच्या मार्गाने शिका. नाहीतर गारुड्याची टोपली आणि आपलं काचेचं कपाट यात फरक काय राहिला? त्याला निदान पोटाचा प्रश्न होता. आपल्याला रील्स टाकायचे आहेत.

दुसरा आक्षेप, ‘मग पोपट पाळणारे चालतात?’ नाही चालत. आपले देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणंही याच कायद्याने गुन्हा आहे. पेठेतल्या गॅलऱ्यांत ते दिसतात म्हणून कायदेशीर ठरत नाहीत.

मग सहा हजारांचं काय करायचं? माझा पर्याय नोंदवतो. बसने कात्रजला जा, तिकीट काढून सर्पोद्यान निवांत बघा (बुधवारी बंद असतं, लेक्चर बुडवायचंच तर दुसरा वार निवडा). एक बरा टॉर्च आणि सापांचं एक चांगलं पुस्तक घ्या. पावसाळ्यात जाणकार माणसासोबत ताम्हिणी किंवा सिंहगडच्या बाजूला चला. रात्री करवंदीच्या जाळीवर झोपलेला हरणटोळ टॉर्चमध्ये दिसतो तेव्हा पिंजऱ्याची आठवणही येत नाही. हात लावायचा नाही, फ्लॅशचा मारा करायचा नाही. बघायचं आणि पुढे जायचं. खोलीत किंवा आवारात साप आला तर काठी न शोधता वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा.

आणि उरलेले पैसे झाडाला लावा. सदाशिव पेठेत नागनाथ पार आहे. पार म्हणजे झाडाभोवतीचा कट्टा. आपल्या आज्या-पणज्यांनी नागाला देव मानलं, पण त्याच्या नावाची जागा पाराशी, म्हणजे झाडाशी जोडलेली ठेवली. मला ही व्यवस्था फार व्यवहारी वाटते. झाडावरच्या सापाला हवं असतं ते सगळं, म्हणजे उंची, फांद्या, सावली, ओल, सरडे आणि बेडूक, हे झाड फुकट पुरवतं. थर्मोस्टॅट लागत नाही, बिल येत नाही, सुट्टीत कुणाला ठेवून जावं लागत नाही.

म्हणून शेवटची विनंती स्टाफला आणि एनएसएसच्या मंडळींना. कॉलेजच्या मागच्या कुंपणालगत घाणेरी, करवंद आणि वेलींची जी गचपण आहे तिथे गेल्या जुलैत मी रुका पाहिला. पाच-सहा सेकंद दिसला आणि पानांत गेला. गॅदरिंगच्या आधी ‘परिसर स्वच्छता’ म्हणून ही गचपण दरवर्षी मुळापासून तोडली जाते, आणि तिथे चार कुंड्या आणि एक पाटी लागते. यंदा प्लास्टिक आणि बाटल्या जरूर उचलू, मी स्वतः येतो. पायवाटेवर आलेल्या फांद्याही छाटू. पण कुंपणाजवळचा दहा फुटांचा पट्टा तसाच राहू द्या. श्रमदानाची तारीख लागायच्या आत इस्टेट विभागात अर्ज द्यायचा आहे. मजकूर तयार आहे, सह्या कमी आहेत. ज्यांना साप पाळायचा होता त्यांनी आधी सही करावी.